आधी कानात, मग मांडवात

मामा, आधी माझी चूक सांगून टाकतो. तुम्हाला अंगणात ठेवलं होतं, भजनी मंडळ बसलं होतं, आणि पहिलं भजन संपून पेटी थांबली तशा मी टाळ्या वाजवल्या. हळू नाही, चांगल्या खणखणीत. चाळीस वर्षं त्या अंगणात पेटी थांबली की टाळ्या वाजवायच्या, एवढंच या हातांना ठाऊक. आज पेटी वाजवणारा दुसराच कुणी आहे आणि तुम्ही आडवे झालेले आहात, हे डोक्याला कळलं होतं, हातांपर्यंत पोचायचं राहिलं होतं. माझ्या मागोमाग आणखी तिघांनी वाजवल्या. मग आम्ही चौघं आपापले तळवे बघत बसलो. थोरल्या मावशीनं रडणं थांबवलं, माझ्याकडं बघून म्हणाली, "मास्तर झाला, पन अक्कल काय आली न्हाय," आणि पुन्हा रडायला लागली.

तुम्ही असता तर यावर संध्याकाळपर्यंत दोन कडवी तयार झाली असती.

आता मी कळंबला परत आलोय आणि लिहायला बसलोय. माझं लिहिणं तुम्हाला माहीत आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवतो. आयुष्यात दोन कविता छापून आल्या, दोन्ही शाळेच्या वार्षिक अंकात, आणि त्या अंकाचा संपादक मीच. तुम्ही एकदा मला विचारलं होतं, "मास्तर, तुझ्या कवितेला कुणी हसतं का?"

मी ताठ मानेनं म्हणालो, "नाही."

"रडतं का?"

"तसंही नाही."

"मग करतेत तरी काय लोक?"

खरं उत्तर असं होतं की लोक वाचतच नाहीत.

तुमचंही कुणी वाचलं नाही म्हणा. तुमचं छापलंच नाही कधी. पण आपल्याकडं वाशीपासून येरमाळ्यापर्यंत कुठल्याही मांडवात जाऊन मिक्सरचं गाणं म्हणा म्हटलं तर अजून दहा बायका पुढं येतील. बाकीच्यांनी देवाची गाणी केली, प्रेमाची केली, पावसाची केली. तुम्ही मिक्सरचं केलं. डिश अँटेनाचं केलं. पाण्याच्या टाकीवर चढून मोबाईलला रेंज शोधणाऱ्या नवऱ्याचं केलं. दिवसा तेरखेड्याला फटाक्यांच्या कारखान्यात कागदाच्या नळ्या वळायच्या, आणि लग्नसराई आली की गळ्यात पेटी अडकवून, एका काचेला तडा गेलेला गॉगल लावून मांडवात उभं राहायचं. काच का बदलत नाही म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणायचा, "एका डोळ्यानं लोक सरळ दिसतेत, दुसऱ्यानं वाकडे. गाणं करायला दोन्ही लागतं."

मिक्सरचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते येरमाळ्याला, एका लग्नात. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि मला साहित्य कळायला लागलंय असा माझा समज होता. तुम्ही सुरू केलं:

मिक्सर करतो घुर्रघुर्र, वरवंटा गेला कोपऱ्यात,
सासू म्हणती ये बाबा बस, मीबी हाय याच घरात.

पोरी हसल्या, सुना हसल्या. मागं सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्या सगळ्यात जास्त हसल्या, पदर तोंडाला लावून, आणि हसता हसता तोच पदर डोळ्यांना लावला. मी वहीत तेव्हा कसल्यातरी 'मानवी एकाकीपणावर' कविता जुळवत होतो. चार महिने जुळत नव्हती. तुम्ही ती दोन ओळींत मिक्सरमध्ये घालून फिरवून दिली. मला राग आला, मामा. आज कबूल करतो, तो राग नव्हता. माणूस डोंगरासमोर उभा राहिला की मान दुखते, तसलं काहीतरी होतं.

लातूरला जाऊन तुम्ही कॅसेट काढली. येडेश्वरीच्या यात्रेत ती विकायला मी तुमच्याबरोबर बसलो होतो. कव्हरवर तुमचा फोटो इतका काळा छापला होता की गॉगल कुठं संपतो आणि तुम्ही कुठं सुरू होता, ते कळत नव्हतं. एक बाई कॅसेट हातात घेऊन उलटसुलट बघत म्हणाली, "यातला माणूस कुठला?" तुम्ही म्हणालात, "माणूस आत हाय. वाजवल्यावर भाईर येतो." बाई कॅसेट घेऊन गेली. आता तीच गाणी डीजेवाले वाजवतात, मधे धाडधाड बडवतात, नाव कुणाचंच नसतं. त्यावरून आपण किती भांडलो. मी म्हणायचो, मामा, हक्क सांगा, नाव तरी लावायला लावा. तुम्ही म्हणायचा, "पोरं नाचतेत ना? मग मला काय धाड भरलीय." हे भांडण तसंच राहिलं. मी अजून माझ्याच बाजूचा आहे, सांगून ठेवतो.

पण आपलं खरं भांडण दुसरंच होतं, आणि ते सगळ्या नात्यागोत्याला पाठ होतं. तुम्ही सगळ्यांच्या लग्नात गायला. सख्ख्या, चुलत, मावस, मानलेल्या, शेजारच्या. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात तर त्याच्या घोरण्यावर असं गाणं म्हटलं की नवरी मंगळसूत्र सावरत हसत होती. फक्त माझ्या लग्नात गायला नाहीत. मंगलाष्टकांना मामा म्हणून माझ्या पाठीशी उभे राहिलात, अक्षता टाकल्या, पंगतीत जिलेबी वाढली, आचाऱ्याचं कौतुक केलं. पेटी घरीच ठेवून आला होता. लोक विचारत राहिले, मामा कधी उठणार. मामा उठले ते हात धुवायला.

चोवीस वर्षं मी तुम्हाला टोमणे मारले. कुठल्याही कार्यात भेटलात की, "काय मामा, माझ्याच लग्नात घसा बसला होता ना?" तुम्ही दर वेळी एकच उत्तर द्यायचा, "तुझं गाणं पास झालं न्हाय, मास्तर." मला वाटायचं, मी शाळामास्तर म्हणून ही तुमची मस्करी. लोक हसायचे, मीही हसल्यासारखं करायचो. आणि घरी येऊन हिच्याजवळ चरफडायचो की सख्ख्या भाच्यावर चार ओळी सुचल्या नाहीत या माणसाला.

तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी ओसरीवर बसलो होतो. लोक येत होते, बसत होते, उठत होते. वाशीचे भगवान टेलर आले. त्यांच्यावरचं गाणं कुणाला माहीत नाही?

टेलरभाऊ, टेलरभाऊ, माप घेतलं का अंदाज?
एक पाय पोचला येरमाळ्याला, दुसरा वाशीतच आज.

मला ते गाणं कायम जरा क्रूर वाटायचं. बिचारा बाजारपेठेत दुकान टाकून बसलेला माणूस, त्याच्या धंद्यावरच हात. म्हणून मी त्यांच्याजवळ सरकून, समजूतदार चेहरा करून म्हणालो, "टेलर, मामांच्या गाण्याचा तुम्हाला त्रास झाला असंल."

टेलर माझ्याकडं वळले. "त्रास? मास्तर, मी पास केलं म्हणून तर म्हणले."

"पास म्हणजे?"

"आठ दिवस आधी दुकानात आले. गिऱ्हाईक जाऊस्तोवर बसले. मग कानात म्हणून दाखवलं सगळं. 'अंदाज' ऐवजी आधी ढोसून शिवलं का, असं कायतरी होतं. मी म्हणलं, मामा, एवढं काढा. माझा बाप दारूनंच गेला. तिथल्या तिथं काढलं. वर मलाच विचारलं, आता काय घालू? अंदाज हा शब्द माझा हाय." टेलरांनी छातीवर हात ठेवला. चोवीस वर्षं साहित्याचा मास्तर आहे मी, पण आपल्या एका शब्दाबद्दल एवढा अभिमान कुणाच्या तोंडावर मी पाहिला नाही.

मग शांताबाई बोलल्या, अंगणवाडीच्या. त्या भिंतीशी बसल्या होत्या. "माझं न्हाय पास झालं," त्या म्हणाल्या. नवीन नोकरी लागली तेव्हा त्यांनी स्कुटी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात गाडीसकट उकिरड्यात गेल्या. तुम्ही गाणं केलं आणि अंगणवाडीत जाऊन ऐकवलं. "मी म्हणलं, मामा, नगा. आमच्या वस्तीतली मी पहिलीच गाडीवर बसणारी. लोक आधीच वाट बघायलेत कवा पडती म्हणून. मामा म्हणले, बरं पोरी. परत कधी त्या गाण्याचं नाव काढलं न्हाय." मग म्हणाल्या, "पन झ्याक होतं, सर. आता एकटी असले की गाडीवर मीच म्हणते."

मी रज्जाकचाचांकडं बघितलं. तुमच्याबरोबर उभा जन्म ढोलकी वाजवलेला माणूस. ते खांबाला टेकून बसले होते आणि माझ्या तोंडाकडं बघून त्यांना त्या दिवसातलं पहिलं हसू आलं.

"मास्तर, तुमकू मालूम नै था? तुम्हारे मामा का एकच कायदा. जिसका गाना, पैले उसके कान में. हसा तो मांडव में. नै हसा तो कारखाने में."

"कारखान्यात म्हणजे?"

"पान फाडायचे वहीतलं. सकाळी कामावर न्यायचे. नळी वळायला कागद लागतोच की. त्यात वळून टाकायचे."

"आणि मग?"

"मग काय. दिवाळी."

मला एकदम ते सगळे मांडव दिसायला लागले. जनरेटरची घरघर, दोनशे माणसं, तुम्ही गॉगल चढवताय, पेटीवर बोटं ठेवून मुद्दाम गप्प उभे राहताय, आणि ज्याच्यावर गाणं येणार तो माणूस पहिल्या रांगेत खाली मान घालून गालात हसतोय. मी इतकी वर्षं त्या हसण्याला भीती समजत होतो. बिचारा सापडला, असं म्हणायचो. तो सापडलेला नव्हता, मामा. तो तुमच्यातला होता. त्या दोनशे माणसांत पुढची ओळ ठाऊक असलेला तो एकटाच. तुम्ही माणसाला हसण्याचा विषय करण्याआधी त्याला त्या गाण्याचा मालक करत होता, आणि आम्ही खुळ्यासारखे म्हणत होतो, मामाला ऐनवेळी कसं सुचतं बघा.

हा कायदा कुठून आला, तेही चाचांनी सांगितलं. तुमची उमेदवारीची वर्षं होती. कुठल्याशा लग्नात नवरदेवाचा एक चुलतभाऊ बोलताना अडखळायचा, त्याच्यावर तुम्ही तिथल्या तिथं गाणं जोडलं. सगळी पंगत हसली. तो पोरगा अर्ध्या जेवणातून उठला आणि चालायला लागला. तुम्ही पेटी तिथंच ठेवून त्याच्या मागं गेलात. चाचा म्हणाले, लई लांब गेले, पार ओढ्याच्या पलीकडं, पण तो काही थांबला नाही. त्यानंतर वर्षभर तुम्ही एक गाणं केलं नाही. मला हे कधी सांगितलं नाहीत. मी मात्र तुम्हाला कितीदा तरी ऐकवलं होतं की दुसऱ्याला हसणं सोपं असतं, मामा.

आणि मग माझं गाणं. आता मला आठवलं असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. मी ते विसरलोच कधी नव्हतो, फक्त त्याला हात लावत नव्हतो.

लग्नाचा आदला दिवस. मांडव घालणं चाललं होतं. मी उगाच आचाऱ्यावर ओरडत फिरत होतो, कारण नवरदेवानं काहीतरी करावं लागतं. तुम्ही कारखान्यातून थेट आला होता, बोटं फटाक्यांच्या चंदेरी पुडीनं माखलेली. मला कडब्याच्या गंजीआड बोलावलंत. "मास्तर, जरा इकडं ये. कान दे."

मी म्हणालो, "मामा, आता वेळ नाही. आणि एक सांगू का, तिच्याकडची माणसं शिकलेली आहेत, धाराशिवला नोकऱ्या करणारी. उद्या जरा..."

"जरा काय?"

"जरा बरं काहीतरी म्हणा. देवाबिवाचं."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. फार वेळ नाही. "बरं," म्हणालात, हात विजारीला पुसलेत, आणि आचाऱ्याचं मोठं पातेलं एका बाजूनं उचलायला गेलात. पुडीचे चार चंदेरी डाग दिवसभर त्या पातेल्यावर होते.

एवढंच घडलं. मला तुमची लाज वाटली होती, मामा. हे वाक्य लिहायला मला चोवीस वर्षं लागली आणि लिहिल्यावर ते एवढंसंच दिसतंय. तुम्ही कायद्याप्रमाणं कान मागायला आला होता आणि मी कान दिला नाही. न ऐकताच नापास केलं. मास्तरकीत मी असं कधी कुठल्या पोराला केलेलं नाही. आणि वर इतकी वर्षं तुम्हालाच टोमणे मारले, चारचौघांत. तुम्ही एकदा म्हणाला असता, "तूच नको म्हणलास की रं," तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. सगळ्यांसमोर मी उघडा पडलो असतो. त्याची परवानगी मी दिलेली नव्हती, म्हणून तुम्ही ते बोलला नाहीत. भांडणातसुद्धा तुम्ही कायदा पाळलात.

चाचांना विचारलं, माझं गाणं काय होतं. ते म्हणाले, "नै बताया मेरेकू. नापास गाण्याचं नाव काढायचे न्हाईत." तुमची वही धुंडाळली. मधली पानं फाडलेली आहेत, मोजली नाहीत, पण वही अर्धी झालीय. म्हणजे तुमची निम्मी गाणी कुठल्या कुठल्या गावांत, कुणाच्या कुणाच्या दारात, वात लावून पळणाऱ्या लोकांनी फोडली. आमच्या पहिल्या दिवाळीला तुम्ही पिशवीभर फटाके दिले होते. सासऱ्यांच्या दारात मीच लावले. त्यात माझं गाणं असेल तर तेही मीच पेटवलं असणार, आणि दोन्ही कानांवर हात ठेवून उभा राहिलो असणार.

माझ्यावर तुम्ही काय लिहिलं असेल? माझं ताठ चालणं? खिशातले दोन पेन, त्यातलं एक न चालणारं? का ती वहीतली कविता? मला आता कुठलंही चालेल, मामा. एका पाटलाच्या घरच्या लग्नात तुम्ही नवरदेवाच्या नाकाडावर केलं होतं, तसलंही चालेल. माणसाकडं इतकं नीट बघणारा माणूस माझ्याकडं बघून काय म्हणत होता, ते मला कळलं नाही, याच्याइतकं वाईट या सगळ्यात दुसरं काही नाही. तुम्ही गेलात ते वयानं गेलात, भरल्या घरातून गेलात, त्याबद्दल मी रडलो आणि शांत झालो. याबद्दल शांत होता येत नाही.

इथवर लिहून झालं आणि स्वयंपाकघरात जाऊन हिला वाचून दाखवलं. ही मेथी निवडत बसली होती. माझं लिहिलेलं ती सहसा उभ्यानं ऐकते, म्हणजे लवकर निघता येतं. आज बसून ऐकलं. शेवटी मला वाटलं डोळे पुसेल. तिनं मेथीची काडी मोडली आणि विचारलं, "माझ्याकडं उष्टी हळद घेऊन कोण आलं होतं?"

"करवल्या. आणि मामा."

"मग?"

मी वहीतून मान वर काढली.

"हळद लावून झाली तसं मामांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, पोरी, तुझ्या नवऱ्याचं गाणं हाय. त्याला कान द्यायला सवड न्हाय, म्हणून मांडवात म्हणता येत न्हाय. पन हे काय फटाक्यात वळायला हात हुईना. तू ऐक अन् ठिव. आणि म्हटलं सगळं, हळू आवाजात."

"तू हसलीस?"

"हसता हसता हळद डोळ्यात गेली. आईला वाटलं सासरी जायचं म्हणून रडतीय."

"चोवीस वर्षं मला सांगितलं नाहीस?"

"ते म्हणाले होते, त्यानं मागितलं तर दे. तुम्ही मागितलं कधी? तुम्ही नुसतेच भांडलात."

मी वही मिटली आणि तिच्याजवळ खाली बसलो. तिनं मेथीचं ताट बाजूला सरकवलं, हात पदराला पुसले.

"सहा कडवी आहेत," ती म्हणाली. "दुसऱ्या कडव्याला तुम्ही हसला नाहीत, तर पुढची मिळायची नाहीत."